काकाजींचं उपाशी झाड

"वली हाये."

काकाजींचा हिवाळ्यातला दिवस या दोन शब्दांनी सुरू व्हायचा. मफलर गुंडाळून अंगणात यायचे, संत्र्याच्या आळ्यात वाकायचे, मातीत बोट खुपसायचे, बाहेर काढून अंगठ्यानं चोळायचे आणि आमच्या घराकडे तोंड करून म्हणायचे, "वली हाये." जसं काही माती ओली असणं हा गुन्हा आणि आम्ही सगळे आरोपी.

तुमच्याही गल्लीत असा एक माणूस असेलच. ज्याच्या अंगणात बॉल गेला की परत मागायचा नाही, सरळ नवा घ्यायचा. घाटंजीत आमच्या गल्लीत ते काकाजी होते. कापसाच्या जिनिंगमधून रिटायर झालेले, काकू वारल्यापासून एकटेच. अंगण मात्र असं की बघत राहावं. शेवंतीचे ताटवे, कुंपणावर वालाचा वेल, छाटून ठेवलेला मोगरा आणि मधोमध संत्र्याचं झाड. पण बघत राहायची सोय नव्हती. "शेवंती मस्त आली काकाजी" म्हटलं की उत्तर यायचं, "नजर नको लावू. पुढं हो."

त्या दिवाळीत नागपूरहून त्यांचा मुलगा आला होता. त्याला अंगणात रस्त्याच्या बाजूनं दुकानांचे गाळे काढायचे होते आणि संत्र्याचं झाड नेमकं मध्ये येत होतं. बापलेकाचं भांडण सगळ्या गल्लीनं ऐकलं, कारण काकाजींना हळू बोलताच येत नव्हतं.

"बाबा, दोन वर्सं झाले, एक फूल नाही त्याले."

"यंदा येईन."

"अन् नाही आलं तं?"

"होळीलोक पाह्य. नाही आलं तं पाड."

"शब्द हाये न?"

"शब्द हाये."

आता तुम्हीच सांगा, होळीपर्यंत फूल आणायचा शब्द दिल्यावर माणूस काय करेल? खत घालेल, पाणी देईल, जपेल. काकाजींनी झाडाचं पाणीच तोडलं. शेवंतीला पाणी, वालाला पाणी, संत्र्याला थेंब नाही. आळं उकरून मुळ्या उन्हात उघड्या टाकल्या. पानं वळायला लागली, पिवळी पडून गळायला लागली. गल्लीनं ठरवून टाकलं की म्हातारा मुलावरचा राग झाडावर काढतोय.

आणि उरलेला राग आमच्यावर. आमच्या मोरीचं पाणी कच्च्या नालीतून त्यांच्या भिंतीला लागून जायचं. अख्खी घाटंजी नळाला पाणी येत नाही म्हणून भांडते, हा एकटा माणूस पाणी येतं म्हणून भांडायचा.

"तुमचं पाणी झिरपून राह्यलं इकडं. बंद करा."

आईला वाटलं, भिंतीला ओल धरते म्हणून म्हणताहेत. "बंद करा म्हंजे? आमी आंघोळ्या कराच्या नाही का, काकाजी?"

"दिवाळीले केल्या न. आता होळीले करजा."

बाबांनी नालीला सिमेंट लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोट, पुन्हा "वली हाये". आई भांडी आपटत म्हणायची, "या माणसाले एक दिवस मीच वला करतो." संक्रांतीला मात्र तिनंच मला तीळगूळ देऊन पाठवलं. रीत ती रीत. मी म्हटलं, "घ्या काकाजी, गोड बोला." त्यांनी लाडू तोंडात टाकला, चावला, आणि म्हणाले, "तिळात खडे हायेत. तुह्या बापाले सांग, सिमेंटले भेग पडली."

संक्रांतीनंतर ते डोळ्याच्या ऑपरेशनला यवतमाळला बहिणीकडे गेले. कुणाला काही सांगितलं नाही. फाटकाला कुलूप.

आणि मग आमच्या गल्लीनं सगळ्या हिवाळ्यातलं एकुलतं एक चांगलं काम केलं.

झालं असं की झाडाची फारच कळा गेली होती. पानं अशी लोंबत होती की येणाराजाणारा थांबायचा. आमच्या गल्लीतले सगळे कापूस-तुरीवाले, त्यांना एकच माहीत, पान सुकलं की पाणी द्यायचं. समोरच्या गुरुजींची बायको, मी तिला मावशी म्हणते, ती म्हणाली, "मानूस खवीस हाये, पन झाडानं कोनाचं काय घोडं मारलं?" आई म्हणाली, "मी तेच म्हनतो." नळ आला तसा आमचा पाइप भिंतीवरून पलीकडे टाकला. आमचं पाणी देऊन झाल्यावर मावशीचा पाइप टाकला. आळं तुडुंब. आईनं हात पुसले, चेहऱ्यावर असं समाधान की जसं चिंतामणीचं दर्शन घेऊन आली.

काकाजी परतले ते काळा चष्मा लावून. डॉक्टरनं वाकायला मना केलं होतं, म्हणून त्यांनी आळ्यात काठी टेकवली. काठी वीतभर आत गेली.

ते ओरडले नाहीत. हे मला अजून नीट आठवतं, कारण आम्ही भिंतीशी तयारीत उभ्या होतो.

"कोनं देल्लं पानी?"

"आमी सगळ्यायनं," आई म्हणाली. "मरून राह्यलं होतं ते."

काकाजी पायरीवर बसले. "मरून नोतं राह्यलं. उपाशी होतं. संत्र्याले ताण द्या लागते बाई. थंडीत उपाशी ठेवलं, मराची भीती वाटली, का मंग ते फुलते. पोटभर पानी भेटलं का नुसते पानं फेकते. काळी माती हाये, आता सुकाले किती दिवस घेईन कोन जाने. गेली माही होळी."

आईचा चेहरा उतरला. तरी ती आईच. "मंग हे आंधी काहून नाही सांगतलं?"

"तुमी विचारलं का? तुमी आंघोळीचंच विचारलं."

बाबा गुपचूप टिकास घेऊन आले. गुरुजी फावडं घेऊन आले. मी आणि मावशी घमेली उचलायला. ओली माती सगळी बाहेर काढायची, मुळ्यांना धक्का न लावता. काकाजींना वाकता येत नव्हतं, म्हणून त्यांनी खुर्ची टाकली आणि तोंडानं काम केलं.

"गुरुजी, फावडं हाये ते, खडू नाही."

"काकाजी, मले येते फावडं धरता."

"दिसून राह्यलं. मुळी तुटली तं पाह्यजा."

आई घमेल्याशी पुटपुटली, "डोयाचं कायले केलं, तोंडाचं करा लागत होतं ऑपरेशन." काकाजी म्हणाले, "कान चांगले हायेत माहे."

त्या दिवसापासून महाशिवरात्रीपर्यंत आमच्या मोरीला सुट्टी. आम्ही सगळे खांद्यावर टॉवेल टाकून मावशीकडे आंघोळीला जायचो आणि काकाजी फाटकात उभे राहून बघायचे, कुणी घरीच उरकत तर नाही. धन्यवाद वगैरे काही नाही. पानं पुन्हा वळली. महाशिवरात्र झाली आणि त्यांनी भिंतीवरून आईला हाक मारली. "ताण पुरला. सोडा आता पानी."

"पक्कं न? मागून बोंबलू नका."

"सोडा म्हटलं न."

होळीला मुलगा आला, सोबत मोजमाप घ्यायला मिस्त्री. झाड हिरवंगार झालं होतं, पण ती सगळी पानंच. फक्त आमच्या भिंतीपासून लांबच्या एका फांदीवर टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्या होत्या.

"फूल कुठं हाये, बाबा?"

काकाजींनी फांदी दाखवली.

"ह्या तं कळ्या होय. फूल म्हटलं होतं आपन."

"बरोबर हाये," काकाजी म्हणाले. "फूलच म्हटलं होतं." आणि त्यांनी स्वतः जाऊन मिस्त्रीसाठी फाटक उघडलं.

त्या फाटकातून मिस्त्रीच्या आधी आमची आई आत शिरली, पोळीचं पीठ हाताला तसंच. "भाऊ, पानी आमी टाकलं. उशीर आमच्यानं झाला. झाड तुमचं असन, पन आमी महिनाभर लोकाच्या घरी आंघोळ्या केल्या त्याच्यापायी. आता पाडून दाखवा." मागून मावशी आली, गुरुजी आले, बाबा आले. मुलगा आईकडे वळला.

"काकू, तुमाले तं बाबांचा राग येते न?"

"येते न. आताबी येऊन राह्यला. त्याचं झाडाशी काय?"

मुलगा शेवटी म्हणाला, "पाडव्यालोक थांबतो," आणि मिस्त्रीला घेऊन गेला. काकाजी आईला म्हणाले, "माह्या घरातल्या गोष्टीत बोलाचं काम नोतं तुमचं," आणि त्यांनी दार लावून घेतलं.

गुढीपाडव्याच्या सकाळी आमच्या घरातसुद्धा वास आला. ती एकच फांदी, पण पांढरी झालेली, वर मधमाश्या. मी मोबाइल घेऊन भिंतीवर चढले. काकाजी खालून हात उगारून ओरडत आले, "उतर, भिंत पडन, काढू नको." तोवर फोटो निघाला होता. मी तो त्यांच्या मुलाला पाठवला. त्यानं नुसता अंगठा पाठवला. मिस्त्री परत आला नाही.

पावसाळ्यात काकाजी गेले. झोपेतच. फांदीला तेव्हा हिरवी संत्री धरली होती. मुलगा आला आणि गल्लीत विचारत फिरला, बाबांचा बरा फोटो आहे का कुणाकडे. कुणाकडेच नव्हता. त्यांनी कधी कुणाला काढूच दिला नव्हता.

म्हणून माझाच मोठा करून फ्रेम केला. तेरवीला हार घालून मधल्या खोलीत ठेवला होता. मागं पांढरी फांदी, पुढं काकाजी, हात उगारलेला, तोंड उघडं. गल्लीतले लोक हात जोडून जवळ जायचे, वर बघायचे, आणि वाकायच्या आधी एक पाऊल मागं सरकायचे.