बाबांनी गाळलेली ओळ

काल घरच्या प्रार्थनेआधी पाहुण्यांसाठी फिल्टरमधून कॉफी उतरू लागली आणि त्या वासासरशी मला नव्वदच्या दशकातली बंगळूरच्या मल्लेश्वरममधली एक संध्याकाळ आठवली. मी बारा वर्षांची होते. आमच्याकडे चर्चचे पाळकसाहेब आले होते, शेजारच्या अक्काही होत्या. सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणत होतो. आम्ही इतरांना क्षमा केली तशी तू आम्हाला कर, या अर्थाच्या ओळीवर बाबा गप्प झाले आणि पुढच्या ओळीला पुन्हा म्हणू लागले. लाजेनं मी मान वर केली नाही. पाहुणे गेल्यावर चिडून म्हटलं, "बाबा, लहान मुलांनासुद्धा ती पाठ आहे!"

"पाठ मलाही आहे गं," रिकामे कप उचलत ते म्हणाले. "पण तुझ्या काकाशी मी अजून बोलत नाही ना."

तेव्हा मला ती पळवाट वाटली.

काल प्रार्थना संपल्यावर माझ्या मुलीनं हळूच विचारलं, "आई, क्षमेची ओळ तू एवढी भरभर का म्हणतेस?"

धाकट्या बहिणीचा फोन मी वर्षभर उचललेला नाही, आणि ती ओळ रोज म्हणते. बाबा निदान थांबले तरी होते.

"पाहुण्यांना कॉफी दे, गार होतेय," मी म्हटलं. मान काही वर केली नाही.