लोटे की मुंबई

आमच्या वाडीत बारावी झालेल्या मुलाला काय करणार असं कुणी विचारत नसे. कधी जाणार, एवढंच विचारत. हायवेच्या फाट्यावर सकाळी लोटे एमआयडीसीतल्या कंपनीची बस थांबायची आणि शेजारचा मुलगा तिच्यातून जायचा. त्याच्या दोरीवरच्या कपड्यांचा केमिकलचा वास आमच्या पडवीपर्यंत येई. बाबांना तो वास आवडायचा. एका नातेवाइकाला सांगून त्यांनी माझ्यासाठीही हेल्परची जागा ठरवून ठेवली होती.

काका मुंबईच्या गिरणीत होते. शिमग्याला यायचे तेव्हा त्यांच्या ट्रंकेत कपड्यांच्या खाली युनियनची पत्रकं असत. मी त्या पत्रकांवरच वाढलो. गोष्टींची पुस्तकं घरात नव्हतीच, तेव्हा शोषण, हक्क, लढा हे शब्द मी त्या पिवळ्या आणि गुलाबी कागदांवरूनच शिकलो. त्यातलं बहुतेक सगळं मला आजही पटतं. गिरणी बंद पडली आणि काका कायमचे गावी आले. मी मुंबईला जावं, युनियनच्या ऑफिसात बसावं, हे त्यांनी माझ्या वतीने ठरवलं.

बाबांना शेजाऱ्याचा मुलगा हवा होता, काकांना स्वतःचं तरुणपण. मी दोघांनाही हो म्हणत होतो. माणूस हो म्हणत राहिला की त्याला गुणी म्हणतात.

चुलत बहिणीच्या लग्नाच्या पत्रिका छापायला मला रत्नागिरीला पाठवलं. आमच्याकडचा माणूस रत्नागिरीला जातो तो कोर्टात, नाहीतर सिव्हिल हॉस्पिटलात. छापखान्यात एक माणूस स्टुलावर बसून छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवत होता. अक्षरं उलटी, ओळीही उलट्या, आणि त्याची बोटं मात्र न बघता खणांत जात होती. मी तिथून हललो नाही. पत्रकातला मजकूर मला पाठ होता, पण तो कागदावर कुणीतरी एकेक अक्षर करून ठेवला होता, हे मी कधी मनातच आणलं नव्हतं. मला ते काम करायचं होतं. मालक म्हणाले, शिकायचं असेल तर सोमवारपासून ये, राहायची सोय आमच्या माडीवर होईल.

घरी सांगितलं तेव्हा बाबा उठून पडवीत गेले. बोलले ते काका.

“एवढं वाचून शेवटी लग्नपत्रिका छापणार? वधूवरांस शुभाशीर्वाद?”

मग मला लोट्याला पाठवायचं की मुंबईला, हे आपलं भांडण मिटवायला दोघा भावांनी ग्रामदेवतेला कौल लावायचं ठरवलं. देवळात दगडी मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला गुरव ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि जी कळी आधी गळेल तो देवीचा निर्णय. काकांच्या ट्रंकेत याच प्रकाराविरुद्धचं एक पत्रक होतं. मी त्यांना त्याची आठवण करून दिली.

“मी मानत नाही रे,” काका म्हणाले, “पण तुझा बाप मानतो ना.”

रविवारी देवळात आम्ही तिघं आणि गुरव. उजवी लोटे, डावी मुंबई. गुरवाने गाऱ्हाणं सुरू केलं, बाबा प्रत्येक वाक्याला “व्हय म्हाराजा” म्हणत होते, आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की मीही म्हणतोय. आवाज माझाच होता. मला राग यायला हवा होता, तो आला नाही. 

“थांबा,” मी म्हणालो. “यात मला हवं ते कुठंच नाही.”

गुरव मागे वळला. चिडला नाही. “मग तुझा सांग. डावी काढतो नि तुझी लावतो.”

हे मला सुचलं नव्हतं. क्षणभर वाटलं, लावू दे. कळी पडली तर बाबाही गप्प होतील, काकाही. पण मग रत्नागिरीला मी देवीच्या सांगण्यावरून गेलो असतो. आणि कळी नाही पडली तर?

“नको. कौलच नको.”

काका देवळाच्या पायरीकडे बघत राहिले. गुरवाने दोन्ही कळ्या काढून तबकात ठेवल्या. बाबांनी एवढंच विचारलं, “आता वाडीत काय सांगू?”

“मी देवीला विचारलंच नाही म्हणून सांगा.”

बाबा पुढे चालत गेले. रस्ताभर आमच्यात एक शेत मावेल एवढं अंतर होतं. घरी आईने वाढलं, तेव्हा बाबांनी नेहमीसारखे आधी माझ्या माशाचे काटे काढून दिले, पण माझ्याकडे बघितलं नाही.

सोमवारी मी फाट्यावर रस्त्याच्या पलीकडे उभा राहिलो. रत्नागिरीची एसटी त्या बाजूला थांबते. कंपनीची बस आली. बाबांनी कंपनीत माझं नाव आधीच दिलेलं असल्यामुळे ती जरा जास्त थांबली. शेजारच्या मुलाने खिडकीतून हात केला.

“अरे, इकडं ये. त्या साइडला काय करतोस?”

त्याला वाटलं मी चुकलोय. मी मान हलवली. बस गेली.

अशा वेळी ऊर भरून येतो, असं मी पत्रकांत वाचलं होतं. माझा भरून आला नाही. पिशवीत दोन शर्ट होते आणि आईने दिलेले पोहे. घरी जावंसं वाटत नव्हतं, बसमागे धावावंसंही वाटत नव्हतं. एसटी उशिरा आली. मी हात केला आणि चढलो.