कासवाला सोनेरी ऑइल पेंट

"मॅडम, थिनरनं निघंल की!" असं म्हणत अध्यक्षांनी बाटलीचं झाकण उघडलंसुद्धा. मी बाटली हिसकावून घेतली.

माझ्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या टेबलावर टब होता आणि टबात कासव. पाठ सोनेरी, चकाचक. होटगीच्या बाजूच्या एका गावात महादेवाचं देऊळ आहे, त्याच्या विहिरीतलं हे कासव. यात्रेसाठी देवळाला रंग दिला. नंदी झाला, दारातलं दगडी कासव झालं, तरी डब्यात रंग उरला. आपल्याकडे उरलेलं कुणी वाया घालवतं का? कमिटीचे अध्यक्ष सिद्रामप्पा यांना विहिरीतलं जिवंत कासव आठवलं. दगडाचं चमकायलंय आणि खरं मळकट, बरं दिसतं का? झालं!

दुसऱ्या दिवसापासून कासवानं खाणं सोडलं. मला फोन केला तो महादेवी अक्कांनी. त्या देवळाची झाडलोट करतात. घरी दुसरं कुणी नाही.

"मॅडम, बारा वर्सं माझ्या हातचं खातंय वो. वाचंल न्हवं?"

"सांगता येत नाही, अक्का."

हे कासव मऊ पाठीच्या जातीचं. त्याच्या पाठीवर कातडी असते आणि पाण्यात असताना ते थोडा श्वास त्या कातडीतूनही घेतं. म्हणजे अध्यक्षांनी त्याला नटवलं नव्हतं, त्याचा श्वास कोंडला होता.

"पेंट भारीतला हाय मॅडम. वॉटरप्रूफ!" अध्यक्ष म्हणाले.

"तेच तर दुखणं आहे."

आधी वन विभागाला कळवलं. असं कासव पाळणं हाच गुन्हा. ते कुणी रंगवेल, हे कायदा लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. तिकडून उत्तर आलं, "उपचार तुम्हीच सुरू करा, आम्ही येतो."

माझी सगळी नोकरी म्हशींच्या लाथा खाण्यात गेली. कासवातलं मला काय कळणार? कोकणात माझी एक मैत्रीण समुद्री कासवांच्या अंगावरचं डांबर काढते. तिला फोन लावला.

"खायचं तेल चोळ," ती म्हणाली. "थिनर, रॉकेल काही नको. कातडीतून आत जातं. आणि कासवाला घाई चालत नाही."

मग करडईचं तेल, मऊ टूथब्रश, लहान मुलांचा शाम्पू, कोमट पाणी. तेल चोळायचं, थांबायचं, सुटलेला रंग कापसानं टिपायचा. नशीब, रंग अजून चिकट होता. तीन दिवस अक्का टबाशेजारून हलल्या नाहीत. रंग निघाला. खाली कातडी लालबुंद. पण कासव काही तोंड उघडेना.

"याला काय घालत होता?"

"नैवेद्याचा शिरा की."

धन्य! मी मासा मागवला. अध्यक्ष उडालेच. "देवाचं कासव मासं खाणार?"

अक्कांनी जन्मात मासा हातात धरला नव्हता. त्यांनी पदर नाकाला लावला, तोंड फिरवलं आणि दोन बोटांनी तुकडा पुढे केला. कासवानं मान काढली आणि गपकन तुकडा ओढला.

"शिवशिव!" अध्यक्ष म्हणाले.

"गप बसा वो," अक्का रडत रडतच ओरडल्या. "रंग फासताना देव आठवला न्हाय तुमास्नी?"

माझेही डोळे भरून आले. तेलाचे हात, पुसणार कशानं?

कातडी बरी झाल्यावर वन विभागानं निर्णय दिला. कासव विहिरीत परत नाही, तलावात सोडायचं. काठावर अक्कांनी त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि कानडीत म्हणाल्या, "होगी बा." जाऊन ये. ते गेलं. कासव कसलं मागे वळून बघतंय?

महिन्याभरानं गावात गेले. रिकाम्या विहिरीवर नवी पाटी होती, "कासवास रंग लावू नये. आदेशावरून, अध्यक्ष." अक्षरं सोनेरी.

तेव्हा मी एक शिकले. पेशंट बरा झाला म्हणून केस बंद करायची नाही, आधी रंगाचा डबा बघायचा. मी बघितला. अजून पाव डबा शिल्लक होता. तो मी गाडीत टाकून घरी आणला.