शून्य नंबरची ओळ

माझी मावशी माणसांशी मोजकं बोलते आणि मशीनकडून भरपूर बोलून घेते. टीव्हीला जोडायचे घरगुती कॉम्प्युटर जेव्हा नवे होते, तेव्हा त्यांचे प्रोग्राम गाण्यांच्या कॅसेटवर कर्कश आवाजाच्या रूपात साठवायचे. त्या जुन्या कॅसेट लोक आमच्याकडे घेऊन येतात. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत मी गिऱ्हाइकं सांभाळते, आतल्या खोलीत मावशी. टेपरेकॉर्डरचं टेप वाचणारं हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं, बारीक स्क्रू-ड्रायव्हरने ते केसभर फिरवत टेपचं किंचाळणं ऐकायचं, आणि ते स्वच्छ झालं की कॉम्प्युटरमध्ये भरायचं. पुढचं काम मावशीने स्वतः लिहिलेलं टूल करतं. ते त्या किंचाळण्यातून प्रोग्रामच्या ओळी काढून दाखवतं.

दुसऱ्यांची टूल्स अडली की ‘एरर सतरा’ म्हणून हात वर करतात. मावशीचं टूल म्हणायचं, ‘ही ओळ अर्धीच आहे. उरलेली अर्धी टेपवर नाही, माझ्याकडे तर नाहीच.’ नाहीतर, ‘टेप इथे कुरकुरते आहे. आधी हेड पुसा, मग बोलू.’ फाइल खराब निघाली तरी गिऱ्हाईक हसत जिना उतरायचं. काका, म्हणजे मावशीचा नवरा, म्हणायचे, “घरात एवढं गोड बोलली असतीस तर माझं वजन वाढलं असतं.”

गेल्या वर्षी काका गेले. मावशी रडली नाही. दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर गाल कसा असतो, चिमटा काढला तरी कळत नाही, तशी ती अख्खीच्या अख्खी झाली. भेटायला येणाऱ्यांना चहा दिला, त्यांच्या कपबशा विसळल्या, आणि कामावर आली. मग एक दिवस तिने टूल उघडलं आणि त्यातला एकेक मेसेज छाटला. आता ते सगळ्यालाच म्हणायचं, ‘चूक. थांबले.’ मी म्हटलं, “मावशी, हे काय केलंस?” ती म्हणाली, “नीट चालतंय ना?” मला राग आला. कोणावर काढायचा ते कळेना, म्हणून मी टेबल पुसलं.

फक्त एक मेसेज तिने तसाच ठेवला होता, कारण तो आधीपासूनच कोरडा होता. ‘ओळ क्रमांक शून्य. अशी ओळ असू शकत नाही. फाइल खराब आहे.’ प्रोग्रामच्या प्रत्येक ओळीला नंबर असतो, आणि त्या जुन्या मशीनच्या पुस्तकातच छापलंय की हे नंबर एकपासून सुरू होतात. फाटक्या टेपवर मात्र शून्यं हवी तितकी निघतात. तेव्हा पहिलीच ओळ शून्य दिसली की टूल पुढे बघतच नसे.

आता काकांच्या कॅसेटचं सांगते. दोघं कॉलेजात असताना एका कॉम्प्युटर क्लबात भेटले. मावशीचं डोकं लगेच पेटायचं, म्हणून क्लबात तिला ठिणगी म्हणत. दोघांनी मिळून एक खेळ लिहिला आणि स्पर्धेला द्यायचं ठरवलं. क्लबचे सर म्हणाले, एका प्रवेशिकेवर एकच नाव चालेल. काका गप्प उभे राहिले. मावशी तिथून जी निघाली ती क्लबात परत गेलीच नाही. बक्षीस काकांच्या एकट्याच्या नावाने लागलं.

पुढे त्यांचं लग्न झालं, संसार झाला, पण तो काटा तसाच राहिला. काका सांगायचे, “अगं, तुझं नाव आहे त्या खेळात. मी घातलंय. लावून बघ.” मावशी म्हणायची, “बघेन सवडीने.” त्या खेळाची कॅसेट बिस्किटांच्या डब्यात, डबा कपाटावर. जगाच्या कॅसेट वाचणारी बाई, पण ही एक वाचली नाही. नाव नसलंच तर काय करायचं, ही तिची भीती होती. मला ती दिसत होती आणि काकांनाही दिसत असणार.

ते गेल्यावर मीच डबा काढून तिच्यापुढे ठेवला. तिने हेड पुसलं, आवाज भरला, टूल चालवलं. पडद्यावर तिचेच शब्द आले, ‘ओळ क्रमांक शून्य. अशी ओळ असू शकत नाही. फाइल खराब आहे.’

“खराब आहे,” मावशी म्हणाली.

“अगं, नीट बघ तरी.”

“बघितलं की.” तिने कॅसेट डब्यात ठेवली, झाकण दाबून लावलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाची टेप घेतली. तिचा आवाज जराही हलला नाही. मला तर वाटलं, आता काही केल्या हिला काही होणार नाही.

नंतर एका दुपारी एक दाढीवाला तणतणत जिना चढून आला. आम्ही त्याची फाइल खराब म्हणून परत पाठवली होती.

“घरी जुनं मशीन आहे माझं. त्यावर झकास चालतो हा प्रोग्राम,” तो म्हणाला.

“शून्य नंबरची ओळ आहे त्यात,” मावशी म्हणाली. “मशीन असली ओळ घेतच नाही.”

“टाइप केली तर नाही घेत. मेमरीत घुसून नंबर बदलायचा. आम्ही सगळी पोरं करायचो. ओळ काढून टाकायला नुसता तिचा नंबर टाइप करतात ना? शून्य टाइप केलं की मशीन हटून बसतं, ओळ निघतच नाही. कॉपी करणाऱ्याने आपलं नाव पुसू नये म्हणून ते तिथे लिहायचं.”

मावशी तडक आत गेली. मी दाढीवाल्याला कसंबसं कटवलं आणि तिच्या मागे गेले. तिने टूलमधली ती तपासणी काढून टाकली होती आणि काकांची फाइल चालू केली होती. ओळी भराभर खाली उतरल्या. फाइलला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. सगळ्यात वर, शून्य नंबरला, मराठी वाक्य इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं, कारण त्या मशीनला दुसरी अक्षरं येत नव्हती.

खेळ ठिणगीचा. मी फक्त टाइप केला.

सरांनी हुकूम सोडला असता तरी ती ओळ निघाली नसती. काकांनी स्वतः काढायची म्हटली असती तरी नाही.

मावशीने ती वाचली. पुन्हा वाचली. चष्मा काढला.

“खोटारडा मेला,” ती म्हणाली. “टाइपसुद्धा मीच केलं होतं.”

आणि मग ती रडली. इतक्या मोठ्याने, की खालचा सायकलवाला हातातलं चाक सोडून जिन्यापाशी आला. मी त्याला हातानेच जा म्हटलं. तिला मधेच धाप लागायची, “लाव म्हणत होता गं, लाव म्हणत होता,” एवढंच म्हणायची, आणि परत सुरू. मी तिची पाठ चोळत बसले आणि मीही रडले.

संध्याकाळी तोंड धुऊन तिने मला फोनवर बसवलं. ज्यांना ज्यांना शून्यापायी परत पाठवलं होतं त्या सगळ्यांना बोलवायला सांगितलं, त्यांनी कितीही शिव्या घातल्या तरी. ती स्वतः टूल उघडून बसली. छाटलेले मेसेज तिने परत लिहिले नाहीत, तेवढी ताकद अजून नव्हती. फक्त एकच नवा लिहिला. तो आजही तसाच येतो.

‘शून्य नंबरची ओळ आहे. पुसली जाऊ नये म्हणून कुणीतरी लिहिली असेल. आधी वाचा, मग भांडा.’