घरबसल्या बी.ए.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. शहरात, सिडकोतल्या आमच्या घरी बैठक बसली आणि माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी सगळ्यांसमोर शब्द दिला, की पोरीचं शिक्षण थांबणार नाही. माझ्या वडिलांची तेवढी एकच अट होती. सासऱ्यांनी तो शब्द पुढं तंतोतंत पाळला. म्हणूनच मला कधी कुणाकडं तक्रार करता आली नाही.

सासर फुलंब्रीचं. घरी शेती, नवरा वाळूजला कंपनीत, त्याचं जाणं-येणं शिफ्टप्रमाणं. सासऱ्यांना मी मामा म्हणते, सासूबाईंना आत्या. नणंद तेव्हा शाळेत होती. माणसं चांगली आहेत. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून कुणाला वाटायचं की मला जाच होता. जाच नव्हता.

लग्नानंतर बी.एस्सी.चं तिसरं वर्ष सुरू झालं आणि मी एसटीनं शहरात जायला लागले. हर्सूलपर्यंत बहुतेक उभ्यानंच जावं लागायचं. कॉलेजात मला सगळ्यात आवडायची ती केमिस्ट्रीची लॅब. ब्युरेटच्या उभ्या नळीतून थेंब थेंब सोडत राहायचं आणि एका थेंबाला खालच्या फ्लास्कमधलं द्रावण फिकं गुलाबी व्हायचं. एक थेंब जास्त पडला की सगळं पहिल्यापासून. त्या वेळात माझ्या हातांना दुसरं कुठलंच काम कुणी सांगू शकत नव्हतं.

दिवाळीच्या आधी आत्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यांना उठता-बसता माणूस लागायचा. कॉलेज सोड, असं मला कुणीही म्हणालं नाही. मीच एक आठवडा थांबले, मग अजून एक. हजेरी कमी पडली, प्रॅक्टिकल बुडाली आणि वर्ष हातातून गेलं.

मामांना ते लागलं. दिलेला शब्द त्यांच्या मनात होता. त्यांनीच चार ठिकाणी चौकशी केली आणि एका संध्याकाळी नवऱ्याला म्हणाले, की आता ऑनलाइन पदवी मिळते, घरबसल्या. कॉलेजच्या पदवीइतकीच चालते. फक्त बी.एस्सी. तशी होत नव्हती, प्रॅक्टिकल घरी कसं करणार? बी.ए. होत होती. तीही पहिल्या वर्षापासून. मी म्हणाले, विचार करते. सगळे म्हणाले, कर की, घाई नाही.

दोन दिवसांनी त्या संस्थेतून एका बाईंचा फोन आला. आम्ही जेवायला बसलो होतो, म्हणून नवऱ्यानं फोन स्पीकरवर टाकला. बाई गोड बोलत होत्या. म्हणाल्या, ऑनलाइन शिक्षण सगळ्यांनाच मानवतं असं नाही, म्हणून आम्ही आधी काही प्रश्न विचारतो. त्यांनी विचारलं, अभ्यासाला शांत जागा आहे का. मामा म्हणाले, वरची खोली रिकामीच हाय. इंटरनेट? नवरा म्हणाला, वायफाय घेतो. रोज ठरलेला वेळ काढता येईल का? आत्या म्हणाल्या, दुपारचं काय काम असतंय तिला. मग बाईंनी विचारलं, कुणी मागं न लागता, स्वतःहून अभ्यास करायची शिस्त आहे का.

"लई शिस्तीची हाय," आत्या कौतुकानं म्हणाल्या. "सांगावं लागत नाय तिला काही."

माझ्या तोंडात घास होता. बाई म्हणाल्या, मग तर तुमच्यासाठी हे अगदी योग्य आहे. प्रश्न मला विचारले होते, उत्तरं सगळी खरी होती, आणि त्यातलं एकही मी दिलं नव्हतं.

मी आईला फोन केला. आई म्हणाली, लोकांच्या सासरी एवढंही करत नाहीत, तू नशिबाची आहेस. मला नको आहे, असं म्हणायला माझ्याकडं कारण नव्हतं. डिग्री मिळणार होती. पुस्तकं मिळणार होती. बसमधली उभ्यानं धक्के खाण्याची दगदग वाचणार होती. मला तीच दगदग हवी होती, हे कुणाला आणि कोणत्या तोंडानं सांगायचं? मी हो म्हणाले.

मामांनी वरच्या खोलीत टेबल आणवलं, पंखा बसवला. पहिल्या दिवशी आत्या काठी टेकत जिना चढून आल्या आणि टेबलाला हळद-कुंकू लावून गेल्या. इतिहासाचे, समाजशास्त्राचे तास रेकॉर्ड केलेले असायचे. शिकवणारे बरे होते. मनात आलं तेव्हा तास थांबवायचा, पुन्हा लावायचा, याच सोयीचं सगळ्यांना फार अप्रूप होतं. मीही आधी खूश होते. मग लक्षात आलं, की कॉलेजातला तास कुणाला थांबवता येत नाही. माझा तास कुणीही थांबवू शकत होतं. पाहुणे आले, तास थांबला. दळण संपलं, तास थांबला. आत्या जिन्याखालून अगदी मऊ आवाजात विचारायच्या, "थांबवता येतंय ना गं?" येतंय, असंच उत्तर होतं.

वर्गातल्या मुलींची नावं मला फक्त व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवरून माहीत होती. त्यात एक बाई होत्या, माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. वाळूजच्या एका कारखान्यात पॅकिंगला होत्या. घरच्यांनी सातवीनंतर शाळेतून काढलं होतं, मग दहावी-बारावी बाहेरून दिलेली. त्या कंपनीच्या बसमध्ये कानात वायर घालून तास ऐकायच्या. ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायच्या, आज काय कळलं, काय कळलं नाही. त्यांचा उत्साह ऐकून मला माझीच लाज वाटायची. तोच अभ्यास, तेच शिक्षक. त्यांना त्यातून मोकळं वारं मिळत होतं आणि मला त्या पंख्याखाली गुदमरायला होत होतं.

परीक्षाही घरीच. लॅपटॉपचा कॅमेरा चालू ठेवायचा, खोलीत दुसरं कुणी यायचं नाही, नजर पडद्यावरून हटली की लाल अक्षरांत सूचना यायची. खिडकीबाहेर कावळा ओरडला म्हणून मी एकदा तिकडं बघितलं, तर लगेच सूचना. आत्या पेपर संपेपर्यंत दाराबाहेर खुर्ची टाकून बसायच्या. सरपंच आले तरी त्यांना खालीच थांबवलं. तेवढे तास घरातलं कुणी मला हाक मारत नव्हतं आणि मला मान वळवायचीही मुभा नव्हती.

तीन वर्षांनी फर्स्ट क्लास मिळाला. मामांनी गल्लीत पेढे वाटले आणि प्रमाणपत्र काचेत बसवून बैठकीत लावलं. येईल त्याला दाखवायचे, आमच्या सूनबाईनं घरबसल्या केलं. त्यांना झालेला आनंद खोटा नव्हता.

त्याच उन्हाळ्यात नणंद बारावी झाली. तिला शहरात कॉम्प्युटरच्या डिग्रीला जायचं होतं. मामा म्हणाले, रोजचं येणं-जाणं कशाला, वहिनीनं केलं तसं कर, खोली हाय, टेबल हाय. दुपारी मी वर कपडे वाळत घालत होते, तिथं येऊन नणंद म्हणाली, "वहिनी, खरं सांगा. बरं असतं का ऑनलाइन?"

मी तिला पॅकिंगवाल्या बाईंचं सांगितलं. त्यांना दुसरी वाटच नव्हती, म्हणून ते त्यांच्यासाठी सोनं होतं. ज्याला कॉलेजला जाता येतं आणि जायचं आहे, त्यानं हे घेऊ नये. नणंद म्हणाली, मग हे बाबांना कोण सांगणार?

रात्री जेवताना मीच विषय काढला. ताईंना कॉलेजला पाठवा, म्हणाले. मामांनी विचारलं, घरी काय वाईट झालं, तुझं झालंच की. मी म्हणाले, झालं, पण त्या तीन वर्षांत मी एकाही वर्गात बसले नाही.

मामांचा हात ताटात थांबला. "म्हणजे आम्ही कोंडून ठेवलं व्हय तुला?"

"नाही, मामा. दार उघडंच होतं," मी म्हणाले. "पण जायला कुठं ठिकाण राहिलं नव्हतं."

ते अर्ध्या जेवणावरून उठले. नवरा माझ्याकडं बघत राहिला, जणू या घरात मी पहिल्यांदाच बोलले होते. आत्या म्हणाल्या, एवढं मनात होतं तर तवाच सांगायचं. मी म्हणाले, विचारलं असतं तर सांगितलं असतं. आवाज चढवला नाही.

पुढं बरेच दिवस मामा माझ्याशी कामापुरतंच बोलले. काचेतलं प्रमाणपत्र पाहुण्यांना दाखवणं बंद झालं. मग एका सकाळी त्यांनी नणंदेला गाडीवर बसवलं, शहरात नेलं आणि कॉलेजात तिचं नाव घालून आले. मला काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आता ती रोज जाते. संध्याकाळी येऊन कॅन्टीनच्या, मॅडमच्या गोष्टी सांगते, मी भाजी निवडता निवडता ऐकते. नवरा परवा म्हणाला, एम.ए. पण ऑनलाइन होतं म्हणे. मी म्हणाले, बघू. नणंदेनं मात्र मला न सांगता माझ्या जुन्या कॉलेजच्या ऑफिसात चौकशी केली. बी.एस्सी. पुढं सुरू करता येईल का, म्हणून. मधे फार वर्षं गेली, अभ्यासक्रम बदलला, आता पहिल्या वर्षापासून यावं लागेल, असं तिथल्या माणसानं सांगितलं. तिनं ते मला स्वयंपाकघरात, आवाज बारीक करून सांगितलं. बरं, म्हणाले मी, आणि कणीक मळत राहिले. पहिल्या वर्षाला आज माझ्या निम्म्या वयाची नसली तरी माझ्यापेक्षा पुष्कळ लहान पोरं असतील. वरची खोली पुन्हा रिकामी आहे. मी अजून काही ठरवलेलं नाही.