एका नंबरावरचं गाव

समस्त भोर-वेल्हेकरांना कळवण्यास अत्यंत दुःख होते की, पासलीतील सर्वांत अनुभवी गर्भवती वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी निवर्तली. म्हणजे माझा दगडूमामा. महिना झाला.

वाडीत मोबाईलला रेंज फक्त मामाच्या ओट्यावर यायची. म्हणून आशाताई दवाखान्याची कार्डं काढायला आली, तेव्हा साऱ्या वाडीनं हौसेनं त्याचाच नंबर दिला. मग ‘प्रिय माते, लोहाच्या गोळ्या वेळेवर घ्या’ हे मामालाच यायचं, आणि तो काठी टेकत ते घरोघर पोचवायचा. कानानं ठार बहिरा, त्यामुळे कुजबुजला तरी पलीकडच्या खाचरात ऐकू जाई. “सुमे, तुजी साखर वाढली गं! कुनाला सांगू नगंस!” ...पुढच्या लग्नात सुमीच्या पानात जिलबी पडली नाही. मी भोरहून गेलो की विचारायचो, “मामा, कितवा महिना?” “भाड्या, बारशाला ये म्हंजे झालं!”

शेवटच्या भेटीत मात्र तो खरोखर कुजबुजला. “सुनंदाची गाठ तपासाय धाडलीया... रिपोर्ट ह्याच्यावरच येनार. लई भ्या वाटतंय रं.” सुनंदा त्याची सून. चौथ्या दिवशी मामा झोपेतच गेला आणि मोबाईल कोनाड्यात बंद पडून राहिला. सुतकाच्या घरात स्वतःच्या गाठीचा विषय कोण काढणार? ती पाहुण्यांना चहा देत राहिली. मला माहीत होतं, पण विचारायचा धीर मलाही झाला नाही.

दहाव्याला नदीकाठी पिंडाशेजारी गेलेल्याची आवडती वस्तू ठेवतात. मामाच्या बबननं, सुनंदाच्या नवऱ्यानं, मोबाईल चार्ज करून, चालू करून ठेवला; वाडीबाहेरच्या त्या घाटावर रेंज होती. कावळा काही शिवेना. “दादा, म्हस इकनार न्हाई!” बबन वडिलांना म्हणाला. “दगडूतात्या, बांधाचा तंटा मिटला समजा!” शेजारी ओरडला. कावळे आंब्यावर बसून सगळं ऐकून घेत होते. शेवटी मामीनं हात जोडले, “आवं, सुनंचं म्या बगते... जावा आता.” एक कावळा उतरला, दोन उड्या मारल्या, चोच पुढं केली... आणि मोबाईल खणाणला. कावळा जो उडाला तो थेट डोंगरापलीकडे.

आशाताईनं मोबाईल उचलला. डॉक्टरांनी मेसेजवर रिपोर्ट पाठवला होता, खाली मराठीत दोन वाक्यं : गाठ साधी आहे. कॅन्सर नाही. तिनं ती दोनदा वाचली. सुनंदा दहा दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

गुरुजींनी घड्याळ बघितलं. “आता दर्भाचाच कावळा करावा लागेल...”

मामी साऱ्या घाटाला ऐकू जाईल अशी बोलून गेली, “ऱ्हाऊ द्या तो कावळा! माजी सून वाचली!”