पापडाआधी हात

उल्हासनगरला कॅम्प एकमधल्या आमच्या बराकीत शेजारी एक सिंधी आजी राहायच्या. खेळून आलेल्या पोरांना त्या भाजलेला पापड द्यायच्या, पण त्याआधी आमचे हात हुंगायच्या. डोळ्यांवर त्यांचा विश्वासच नव्हता. "अंगठा रह गया. जा, परत धू," एवढंच म्हणायच्या आणि पापड मागे घ्यायच्या. ओरडायच्या नाहीत, समजावत बसायच्या नाहीत. आम्ही मुकाट्याने नळावर जायचो. नुसतं पाणी लावून त्या नाकाला फसवणं कुणालाच जमलं नाही.

आता मी बदलापूरला राहते. परवा लेकीला घेऊन त्यांच्याकडे गेले. हाताचं सगळं तिला वाटेतच सांगितलं होतं. तिचे हात पहिल्याच वासात पास झाले. आजी पापड देणार, तेवढ्यात ती म्हणाली, "आजी, आता तुमचे दाखवा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजींनी मात्र दोन्ही तळवे पुढे केले. लेकीने नीट हुंगले.

"बामचा वास येतोय. परत धुवा."

"बरोबर बोली," म्हणत आजी गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि हळूहळू मोरीकडे गेल्या. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मी गुपचूप माझा अंगठा हुंगला.